एक स्पर्धा, एक प्रश्न आणि ३९ दिवस

१/
१८८५ साली पेरू देशाच्या राजधानीत, लिमा शहरात, वैद्यकीय प्रबंधांची एक स्पर्धा जाहीर झाली. विषय होता पेरूच्या दऱ्याखोऱ्यांतील एक स्थानिक रोग. त्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या २८ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने रोग्याच्या गाठीतला द्रव स्वतःच्या दंडांत टोचून घेतला. त्यानंतर तो ३९ दिवस जगला. त्याचा प्रबंध पूर्ण झालाच नाही. मात्र त्याच्या मृत्यूची तारीख, ५ ऑक्टोबर, आज पेरूचा वैद्यक दिन म्हणून पाळली जाते. आजचा धागा दानिएल आल्सिदेस कार्रिओन या विद्यार्थ्याचा आणि त्याच्या प्रश्नाचा.

२/
प्रथम रोगाविषयी. अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारावर अरुंद, खोल दऱ्या आहेत. तेथे साधारण ५०० ते ३००० मीटर उंचीच्या पट्ट्यात लोकांच्या अंगावर लालभडक, सहज रक्तस्राव होणाऱ्या गाठी उठत. स्पॅनिश भाषेत चामखिळीला ‘वेरुगा’ म्हणतात. म्हणून या रोगाचे नाव पडले ‘वेरुगा पेरुआना’, म्हणजे पेरूची चामखीळ. गाठी महिनोन्महिने टिकत, रूप विद्रूप करीत. परंतु त्यांनी माणूस सहसा मरत नसे.

३/
हा रोग नवा नव्हता. १५३१ साली पिझारोचे स्पॅनिश सैन्य आजच्या इक्वेडोरच्या किनाऱ्यावर कोआके येथे थांबले असता सैनिकांच्या अंगावर अशाच गाठी उठल्याचे तत्कालीन इतिवृत्तकारांनी नोंदवले आहे. तो हाच रोग असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. दरीतल्या रहिवाशांच्या दृष्टीने तो त्या भूमीचाच एक भाग होता, जसा तिथला वारा आणि तिथले पाणी. त्याच्याकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले ते रेल्वेमुळे.

४/
१८७० साली लिमाहून अँडीज ओलांडून ला ओरोया गावापर्यंत लोहमार्ग बांधण्याचे काम सुरू झाले. ठेकेदार होता अमेरिकन उद्योजक हेन्री मेग्ज आणि आखणी होती पोलिश अभियंता अर्नेस्ट मालिनोव्स्की याची. हा मार्ग ४७०० मीटरहून अधिक उंची गाठणार होता. पुढे शंभराहून अधिक वर्षे जगातील सर्वांत उंच लोहमार्गांत त्याची गणना झाली. पेरू, चिली आणि चीन अशा तीन देशांतील हजारो मजूर रिमाक नदीच्या दरीत तंबू ठोकून राहू लागले.

५/
आणि १८७१ पासून ते मरू लागले. अचानक तीव्र ताप, हाडे मोडावीत तशा वेदना आणि अल्पावधीत शरीर पांढरेफटक पडावे असा भयंकर रक्तक्षय. काही आठवड्यांतच अंत. मृतांची नेमकी मोजदाद कोणी ठेवली नाही. पण त्यांची संख्या हजारांत होती, याविषयी इतिहासकारांत एकमत आहे. या तापाला ‘ओरोयाचा ताप’ असे नाव पडले. वास्तविक ला ओरोया हे गाव रोगाच्या पट्ट्याच्या कितीतरी वर आहे आणि रेल्वे तेथे पोहोचली ती १८९३ साली. नाव गावाचे नव्हे, रेल्वेचे होते.

६/
त्याच दरीत, त्याच मजुरांच्या वस्त्यांत जुनी चामखीळही दिसत होती. आता डॉक्टरांपुढे प्रश्न उभा राहिला : हे दोन रोग आहेत, की एकाच रोगाची दोन रूपे? एक रूप माणसाला विद्रूप करून सोडून देते, दुसरे त्याचा जीव घेते. बाह्यतः दोघांत काहीच साम्य नव्हते. काहींना ओरोयाचा ताप म्हणजे हिवतापाचाच एक उग्र प्रकार वाटे, काहींना विषमज्वराचा. उपचार ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे चालत.

७/
हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हता. रोग एकच असेल, तर गाठी घेऊन बाजारात हिंडणारा माणूस हा त्या प्राणघातक तापाचे बीज वाहणारा ठरतो. मग तापातून वाचलेल्यावर पुढे कित्येक महिने लक्ष ठेवणे आले आणि मजुरांच्या वस्त्या कोठे वसवायच्या याचाही फेरविचार आला. रोग दोन असतील, तर यातले काहीच लागू होत नाही. रोगाच्या वर्गीकरणावर माणसांचे झोपणे, उठणे आणि कामाला जाणे अवलंबून होते.

८/
आता त्या विद्यार्थ्याकडे वळू. कार्रिओनचा जन्म ऑगस्ट १८५७ मधला, सेर्रो दे पास्को या खाणींच्या गावचा. समुद्रसपाटीपासून ४३०० मीटर उंचीवरचे, थंडीने काकडलेले ते गाव. वडील मूळचे इक्वेडोरचे, आई अँडीजमधली. शिक्षणासाठी तो लिमाला आला आणि सान मार्कोस विद्यापीठात वैद्यक शिकू लागला. डोंगराळ भागातून येताना त्याने गाठींचे रोगी पाहिले होते. राजधानीतील रुग्णालयांतही तो अशा रोग्यांच्या शोधात असे. काही वर्षांत त्याने नऊ रोग्यांची सविस्तर टिपणे जमवली.

९/
काळ कठीण होता. १८७९ साली पेरू आणि चिली यांच्यात युद्ध पेटले. जानेवारी १८८१ मध्ये लिमा पडले आणि १८८३ पर्यंत शहर चिलीच्या ताब्यात राहिले. विद्यापीठाच्या इमारतींत सैन्य उतरले, ग्रंथसंग्रह लुटला गेला. युद्ध संपले तेव्हा देश हरलेला होता, तिजोरी रिकामी होती. वैद्यकीय शाळेच्या कारभारात सरकारने हात घातल्यामुळे अनेक प्राध्यापक राजीनामे देऊन बाहेर पडले आणि त्यांनी स्वतंत्र वैद्यक अकादमी स्थापन केली.

१०/
याच अकादमीने पेरूच्या चामखिळीची कारणे आणि तिच्यामुळे शरीरात होणारे बदल या विषयावर स्पर्धा जाहीर केली. हरलेल्या देशातील हे डॉक्टर स्वतःच्याच भूमीतील रोगाविषयी प्रश्न विचारीत होते, यालाही अर्थ होता. त्याच सुमारास चिलीतील एका संशोधकाने या रोगाच्या जंतूविषयी लेखन केले होते. आपल्या दऱ्यांतील रोगाचे कोडे आपणच उलगडावे, ही ईर्षा कार्रिओनच्या पिढीत होती.

११/
जगभरातही हे जंतुशास्त्राचे दिवस होते. कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला होता. जुलै १८८५ मध्ये पाश्चरने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका मुलाला पहिल्यांदा रेबीजची लस टोचली. त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते, तोच कार्रिओनने आपला निर्णय घेतला. त्याच्या टिपणांत एक पोकळी होती. रोगबीज शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंत किती दिवस जातात? आरंभीची लक्षणे कोणती? रुग्णालयात येणारा रोगी हे सांगू शकत नसे, कारण तो केव्हा बाधित झाला हे त्यालाच ठाऊक नसे.

१२/
२७ ऑगस्ट १८८५. लिमाचे दोस दे मायो रुग्णालय. तेथे चौदा वर्षांच्या एका रुग्णाच्या भुवईजवळ ताजी गाठ होती. शिक्षकांनी आणि मित्रांनी कार्रिओनला परोपरीने समजावले, तो ऐकेना. स्वतःच्या हाताने टोचून घेताना नश्तर नीट चालेना, तेव्हा डॉक्टर एवारिस्तो चावेस यांनी मदत केली. देवीची लस टोचतात त्या जागी, दोन्ही दंडांवर दोन-दोन, अशा चार टोचण्या झाल्या. त्याच दिवसापासून कार्रिओनने स्वतःच्या प्रकृतीची नोंदवही लिहावयास घेतली.

१३/
पहिले तीन आठवडे काहीच घडले नाही. २१ व्या दिवशी, १७ सप्टेंबरला, अस्वस्थता आणि घोट्यात दुखरेपणा जाणवला. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप भरला. पुढे वेदना, उलट्या, निद्रानाश. कार्रिओन प्रत्येक गोष्ट टिपत होता. २६ सप्टेंबरच्या सुमारास त्याच्या हातून लेखणी धरवेना. तेव्हा त्याने ते काम आपल्या सहाध्यायी मित्रांवर सोपवले. नोंदवही मात्र थांबली नाही.

१४/
त्याचा चेहरा पांढरा पडत चालला. एक गोष्ट मात्र ठळकपणे जाणवत होती : अंगावर एकही गाठ नव्हती. त्याने चामखिळीचा द्रव टोचून घेतला होता आणि त्याला होत होता तो ओरोयाचा ताप. काही काळापूर्वी त्याचा एक मित्र याच तापाने दगावला होता. आपल्यालाही तेच झाले आहे, हे ओळखून कार्रिओनने भोवतीच्या मित्रांना सांगितले की, दोन्ही रोगांचे मूळ एकच असल्याचा हा पुरावा आहे. हाती घेतलेले काम आता तुम्ही पुरे करा, असेही तो म्हणाला.

१५/
४ ऑक्टोबरला त्याला फ्रेंच रुग्णालयात हलवण्यात आले. दुसऱ्याचे रक्त देण्याचा विचार होता. पण ते दिले गेले नाही. रक्तगटांचा शोध लागावयास अजून पंधरा वर्षे अवकाश होता, त्यामुळे दिले असते तरी तो अंधारातला बाण ठरला असता. ५ ऑक्टोबर १८८५ च्या रात्री कार्रिओनने प्राण सोडला. १८८६ साली त्याच्या सहा विद्यार्थी मित्रांनी त्याची टिपणे, आजारपणाची दैनंदिनी आणि त्याचे चरित्र पुस्तकरूपाने छापले.

१६/
मृत्यूनंतर शहरात वादळ उठले. काहींनी त्याला हुतात्मा म्हटले, काहींनी या प्रयोगाला अघोरी कृत्य ठरवले. ज्यांनी नश्तर धरले त्या डॉक्टर चावेस यांच्यावर मनुष्यवधाच्या आरोपाची चौकशी सुरू झाली. कार्रिओनने सर्व काही स्वेच्छेने केले, अशी साक्ष त्याच्या मित्रांनी आणि अनेक डॉक्टरांनी दिली. अखेर चौकशी थांबली. परंतु त्या चौकशीतला प्रश्न आजही जिवंत आहे : माणसाने स्वतःच्या देहावर किती धोका ओढवून घ्यावा, आणि इतरांनी त्याला किती साथ द्यावी?

१७/
मित्रहो, येथे एका लोकप्रिय समजाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘दोन्ही रोग एकच हे सिद्ध करण्यासाठी कार्रिओनने प्राण दिले’, असे अनेकदा लिहिले जाते. त्याचा मूळ उद्देश तो नव्हता. अंगावर गाठी उठेपर्यंतची लक्षणे स्वतःवर पाहावीत, एवढेच त्याला हवे होते. आपल्याला गाठींचा सौम्य आजार होईल, अशीच त्याची अपेक्षा असावी. ताप आला तो अनपेक्षित. त्याची थोरवी त्या पुढच्या क्षणात आहे. अपेक्षा चुकल्याचे दिसताच त्याने ती सोडली आणि स्वतःच्या ढासळत्या देहाचा नवा अर्थ लावला.

१८/
मग प्रश्न सुटला का? नाही. विज्ञानाच्या दरबारात हौतात्म्य हा पुरावा होत नाही. एकच प्रयोग, एकच माणूस. टोचलेल्या द्रवाबरोबर दुसरे एखादे विष शरीरात शिरले नसेल कशावरून? हा आक्षेप रास्त होता. पुढे पेरूतील डॉक्टर अल्बेर्तो बार्टन यांना ओरोयाच्या तापाच्या रोग्यांच्या तांबड्या रक्तपेशींत सूक्ष्म दांड्यांसारखे जंतू आढळले. १९०९ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. या जंतूंमुळेच रक्तपेशी झपाट्याने नष्ट होत आणि शरीर पांढरे पडे.

१९/
१९१३ साली रिचर्ड स्ट्राँग यांच्या नेतृत्वाखाली हार्वर्ड विद्यापीठाचे पथक पेरूला आले. बार्टन यांचा शोध त्यांनी मान्य केला; जंतूला ‘बार्टोनेला’ हे नावही याच पथकाने दिले. मात्र ताप आणि चामखीळ हे दोन वेगळे रोग आहेत, असाच निष्कर्ष त्यांनी काढला! कार्रिओनच्या मृत्यूला तीस वर्षे होत आली असताना त्याचे उत्तर अधिकृतपणे नाकारले गेले. अखेर १९२६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील हिदेयो नोगुची यांनी तापाच्या रोग्याच्या रक्तातून जंतू वाढवला, तो माकडांना टोचला आणि त्यांच्या अंगावर गाठी उठल्या. रोग एकच होता. आज त्याला ‘कार्रिओनचा रोग’ म्हणतात.

२०/
हा रोग पसरतो कसा, हा प्रश्न त्याआधीच मार्गी लागत होता. दरीतल्या लोकांचा जुना अनुभव असा की दिवसा दरीत जावे, रात्र मात्र तेथे काढू नये. कीटकतज्ज्ञ चार्ल्स टाउनसेंड यांनी या लोकज्ञानाचा धागा पकडला. रात्री चावणारा आणि त्याच उंचीच्या पट्ट्यात राहणारा कीटक कोणता? १९१३ साली त्यांनी बोट ठेवले ते वाळूमाशीवर. डासाहूनही लहान, उडताना आवाज न करणारा हा कीटक. दिवसभराचे काम उरकून दरीतच तंबूत झोपणाऱ्या रेल्वे मजुरांच्या मृत्यूचे कोडे तेव्हा उलगडले.

२१/
वाळूमाशी महाराष्ट्रालाही परकी नाही. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या संशोधकांना एक नवा विषाणू सापडला. त्याचे नावच ‘चांदीपुरा’ पडले. तोही वाळूमाशीमार्फत पसरतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात त्याने अनेक बालकांचे बळी घेतले. बिहारमधील काळा आजारही वाळूमाशीच पसरवते. रोग वेगळे, खंड वेगळे. पण भिंतीच्या भेगा बुजवणे, घरात कीटकनाशक फवारणे आणि बारीक छिद्रांच्या मच्छरदाणीत झोपणे हे उपाय सारखेच.

२२/
पेरूमध्ये या ज्ञानाचे फळ सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचले ते १९४० च्या दशकात. रिमाकच्या दरीत घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी झाली आणि वाळूमाश्या घटल्या. पुढे क्लोरॅम्फेनिकॉलसारखी प्रतिजैविके आली. उपचाराविना या तापाने शंभरात चाळीस वा त्याहून अधिक रोगी दगावत. वेळेवर औषध मिळाल्यास बहुतेक वाचू लागले. तरीही रोग संपलेला नाही. अँडीजच्या दुर्गम दऱ्यांत तो आजही आहे आणि त्याची झळ प्रामुख्याने गरीब कुटुंबांतील मुलांना बसते.

२३/
आता त्या नैतिक प्रश्नाकडे पुन्हा येऊ. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. कार्रिओनशी साम्य दिसते, पण फरकही मोठा आहे. हाफकिन यांच्या लशीत मारलेले जंतू होते आणि तिची आधी प्राण्यांवर चाचणी झाली होती. कार्रिओनने जिवंत रोगबीज घेतले, तेही हाताशी कोणताच उपाय नसताना. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने मृत्यूची शक्यता दिसणारे प्रयोग निषिद्ध ठरवले. तरी प्रयोगकर्ते डॉक्टर स्वतःच प्रयोगाचा विषय होत असतील तर ‘कदाचित’ अपवाद, अशी वाट तिने मोकळी ठेवली. त्या एका ‘कदाचित’मध्ये कार्रिओनसारख्यांचा सारा इतिहास सामावला आहे.

२४/
म्हणून त्याचे अनुकरण करावे, असे या कथेचे तात्पर्य मुळीच नाही. आज कोणतीही नीतिसमिती अशा प्रयोगास परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. केवळ मृत्यूने काहीच सिद्ध झाले नसते. उपयोगी पडली ती नऊ रोग्यांची टिपणे, दिवसागणिक लिहिलेली नोंदवही, हात थकल्यावर दुसऱ्याच्या हाती दिलेली लेखणी आणि ते सारे छापून जगासमोर ठेवणारे सहा मित्र. पुढच्या चाळीस वर्षांत ज्यांनी त्याचे म्हणणे मान्य केले आणि ज्यांनी नाकारले, त्या दोघांनीही त्याच नोंदींशी वाद घातला.

२५/
रिमाकच्या दरीत १८७० च्या दशकात रेल्वेसाठी एक उंच पूल उभारला गेला. ज्या घळीवर तो होता तिच्या नावावरून त्याला ‘वेरुगास’ म्हणत. म्हणजे चामखिळींचा पूल. आज त्याच जागेवरील पुलाला कार्रिओनचे नाव आहे. १९९१ साली पेरूने त्याला राष्ट्रीय वीराचा मान दिला. तो पूल बांधताना मेलेल्या मजुरांची नावे मात्र कोणत्याही फलकावर नाहीत. त्यांच्या मृत्यूंनीच तो प्रश्न निर्माण केला होता, ज्याचे उत्तर एका विद्यार्थ्याने शोधले.

२६/
‘विज्ञान आणि दैनंदिन जीवन’ अशा विषयांवर आपल्या शाळा-महाविद्यालयांत दरवर्षी निबंधस्पर्धा होतात. बहुतेक निबंध शोधांची यादी देऊन संपतात. पुढच्या वेळी एखादाच शोध घ्या आणि त्याचा माग काढा : आधी कोण आजारी पडले, कोणी टिपून ठेवले, कोणी शंका घेतली, कोणी पुन्हा तपासले, आणि शेवटी कोणाच्या अंथरुणावर मच्छरदाणी आली. प्रयोगशाळा आणि घर यांच्यामधला रस्ता असा लांब असतो आणि त्यावर सर्वांत जास्त चालतात ती नाव नसलेली माणसे.

धागा समाप्त. आपल्या गावातील वा जिल्ह्यातील एखाद्या रोगाच्या संशोधनाची अशी हकिकत ठाऊक असल्यास खाली अवश्य लिहा.
#इतिहास #वैद्यकाचा_इतिहास #धागा